मेणवलीला चालत जा

पाचगणीच्या वाटेवर वाईत गाडी थांबते ती चहापुरती. माझं म्हणणं, गाडी तिथेच ठेवा आणि पोरांना घेऊन मेणवलीपर्यंत चाला. अंतर तीनेक किलोमीटर, दमवणारा चढ नाही, वाटेत ऊस आणि हळदीचे मळे. माझी सहा वर्षांची नात कुरकुर न करता चालली. हातात उसाचं कांडं होतं, हेही खरं.

नाना फडणवीसांचा वाडा मोठ्यांना आवडतो, मुलांना घाट. कृष्णेत उतरणाऱ्या पायऱ्या, आणि मंदिराशेजारी टांगलेली ती भलीमोठी घंटा. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली, त्या मोहिमेतली ही पोर्तुगीज घंटा. महादेवाच्या दारात, घंटेवर मेरीमाता! ‘‘आजी, ही इथं कशी?’’ एवढ्या प्रश्नावर परतीची अख्खी वाट पेशवाई सांगण्यात जाते. गाडीतून उतरून ‘स्वदेस’चं शूटिंग कुठे झालं तेवढं विचारणाऱ्यांना यातलं काय मिळणार?

मात्र रस्त्याकडेला चालायला नीट जागा नाही. ट्रॅक्टर आला की पोराचा दंड धरून बांधावर चढायचं. वाहनतळ वाढवण्याआधी चार हातांची पायवाट करा, कडेला वड-चिंच लावा. तोवर हिवाळ्यात, सकाळी लवकर निघा. एप्रिल-मे महिन्यांत नातवंडांना नेऊ नका.