सारे विकले, उरले काय?



दिवाळीचा फराळ संपून डबे घासून पालथे पडले, की आमच्या अकोल्यात प्रदर्शनांचे दिवस सुरू होतात. कुठे महिला मंडळाचा मेळावा, कुठे सभागृहात तीन दिवसांची विक्री. डिसेंबरच्या अखेरीस डॉ. पंजाबराव देशमुखांच्या जयंतीच्या सुमारास कृषी विद्यापीठात मोठे कृषी प्रदर्शन भरते, तिथे बचत गटांच्या बायकाही आपला माल मांडतात. आपल्यापैकी कितीतरी जणींच्या हातात कला आहे. कुणी गोधडी शिवते, कुणी तोरणे विणते, कुणी रुखवताचे सामान करते. “एकदा स्टॉल लावून पाहावा का?” असे मनात येते. जरूर लावा. पण त्याआधी आमच्या वाड्यातल्या धाकट्या सूनबाईची गोष्ट ऐका.

आमचे घर जुन्या शहरात, राजराजेश्वराच्या देवळापासून पाच मिनिटांवर. सूनबाई बाळांच्या गोधड्या सुरेख शिवते. ‘वाकय’ म्हणतो आम्ही तिला. टाके इतके बारीक की उलटी-सुलटी बाजू ओळखू येऊ नये! मुलीची शिकवणीची फी भरायची होती, नवऱ्यापुढे हात पसरायचा नव्हता. म्हणून पोरे झोपल्यावर रात्री दिव्याखाली बसून तिने चार महिन्यांत बारा गोधड्या शिवल्या. अडीचशे रुपयांना एक, याप्रमाणे तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत साऱ्या संपल्या. मोर्णेचा पूल ओलांडून घरी आली ती हसतच.

“काकू, सारा माल संपला! एकबी नाई उरली!”

तीन हजार रुपये तिने देवापुढे ठेवले. रात्री नवऱ्याने सहज विचारले, “मग सुटले किती?” तिला उत्तर देता येईना. दुसऱ्या दिवशी वही घेऊन माझ्याकडे आली. आम्ही दोघी बसलो.

अस्तर, काठाची पट्टी, दोरा मिळून गोधडीमागे ११० रुपये, बारांचे १,३२०. स्टॉलचे भाडे ९००. तीन दिवस ऑटोने जाणे-येणे ४८०. पिशव्या आणि टेबलावरची चादर १८०. एकूण २,८८० रुपये. उरले १२०.

आता एका गोधडीला दहा तास, म्हणजे बारा गोधड्यांना १२० तास. तीन दिवस पायांवर उभी राहिली ते वेगळेच. तिने आकड्याकडे पाहिले आणि म्हणाली, “तासाले एक रुपया? त्यापरिस झोपली असती त डोये त वाचले असते!” बोलताना हसली, पण डोळे भरून आले होते.

चूक कुठे झाली? तिने मला जे सांगितले, ते आपण साऱ्याच म्हणतो. “जुन्या साड्या त घरच्याच होत्या. अन् शिवली मीच. त्याचा काय हिशोब धरा लागते?” बायांनो, तोच धरावा लागतो! आपण घरात सकाळपासून रात्रीपर्यंत राबतो त्याचे मोल कुणी करत नाही, म्हणून आपणही आपल्या हाताचे मोल करायला विसरतो. आणि आपण फुकट धरलेली मजुरी गिऱ्हाईक तरी का मोजील?

तेव्हा किंमत ठरवताना चार ओळी लिहा. पहिली, सामान. दुसरी, मजुरी. शेजारणीला शिवायला बसवले तर जो दर द्याल, तोच स्वतःला लावा. आम्ही तासाला ४० रुपये धरले, म्हणजे दहा तासांचे ४००. तिसरी, भाडे, ऑटो, पिशव्या यांचा प्रत्येक नगामागे वाटा. तिचा १,५६० रुपयांचा खर्च बारांत वाटला की १३० येतात. चौथी ओळ, थोडा नफा. पुढच्या खेपेचे कापड त्यातूनच आणायचे असते. ११०, ४००, १३० आणि वर ६०. गोधडी सातशेची झाली.

“सातशेले कोन घेईन व काकू?” ती घाबरली. प्रश्न रास्त होता. सातशेच्या गोधडीला गिऱ्हाईक थोडेच, पण अगदीच नसते असेही नाही. म्हणून पुढच्या वर्षी आम्ही मांडणीच बदलली. गोधड्या सहाच शिवल्या आणि त्या मागे दोरीवर उंच टांगल्या, लांबून येणाऱ्याची नजर तिथे पडावी म्हणून. पुढे टेबलावर उरलेल्या चिंध्यांचे चाळीस बटवे, प्रत्येकी साठ रुपये. बटव्याला दोरी, अस्तर मिळून १२ रुपये आणि चाळीस मिनिटे लागतात. शेजारच्या गल्लीतल्या तोरणवालीबरोबर स्टॉल अर्धा-अर्धा केला.

हिशोब असा झाला. चार गोधड्या सातशेने गेल्या, २,८००. बटव्यांचे २,४००. एकूण ५,२०० रुपये. सहाही गोधड्यांचे आणि बटव्यांचे सामान १,१४०. भाडे, ऑटो, पिशव्या यांतला तिचा वाटा ८४०. उरले ३,२२० रुपये, आणि दोन गोधड्या कपाटात. त्या दोन धरूनही साधारण ८७ तासांचे काम झाले, म्हणजे तासाला ३७ रुपये पडले. ठरवलेल्या चाळिसाला तीन कमीच! पण मुलीची फी तिने स्वतः भरली. नवऱ्याने पुन्हा विचारले, तेव्हा तिने वहीच पुढे केली.

आता तयारीच्या काही गोष्टी.

मांजरपाट आणि नवे सुती कापड आधी भिजवून, वाळवून मगच बेता. न आटवता शिवले तर पहिल्या धुण्यात गोधडी आक्रसते आणि गिऱ्हाईक कायमचे तुटते. लाल, निळ्या कापडाचा तुकडा ओला करून पांढऱ्या फडक्यावर घासून पाहा. रंग उतरला तर ते कापड बाळाच्या वस्तूला वापरू नका. बसताना सुया मोजून घ्या, उठताना पुन्हा मोजा. गोधडीत राहिलेली एक सुई साऱ्या कष्टांवर पाणी फिरवते.

प्रत्येक वस्तूला किमतीची चिठ्ठी लावा. चिठ्ठी नसली की पुष्कळ बायका विचारायला संकोचतात आणि पुढे जातात. घासाघीस होणारच. कितीपर्यंत उतरायचे ते घरीच ठरवा, तिथे उभ्या उभ्या नव्हे. दहा-वीस-पन्नासच्या सुट्या नोटा न्या. फोनवरून पैसे घेणार असाल तर रक्कम जमा झाल्याचे स्वतःच्या फोनवर पाहूनच वस्तू हाती द्या. ऑर्डरची वही वेगळी ठेवा. तीत नाव, फोन, रंग, तारीख आणि घेतलेला विसार लिहा. विसाराशिवाय कात्री लावू नका.

पापड, मसाले विकणाऱ्यांनी अन्न सुरक्षा कायद्याखालची नोंदणी आधी करून घ्यावी. तिचा चौदा आकडी क्रमांक पाकिटावर छापावा लागतो. वजन, तारीख, किंमतही हवी. धंद्याची ‘उद्यम’ नोंदणी सरकारी संकेतस्थळावर मोफत होते, त्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका. गटाने काम करायचे असेल तर महिला आर्थिक विकास महामंडळाच्या जिल्हा कार्यालयात चौकशी करा. आंतरराष्ट्रीय महिला वर्षात, १९७५ साली, ते याच कामासाठी निघाले.

१९५९ साली मुंबईत गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. त्याचीच पुढे लिज्जत झाली. पैसे देणाऱ्या छगनबाप्पांनी त्यांना बजावले होते, की हे दानधर्माचे काम नव्हे, धंदा म्हणून चालवा आणि हिशोब चोख ठेवा. त्या सात जणींनी ते ऐकले.

सूनबाईच्या वहीच्या पहिल्या पानावर अजून तो आकडा आहे: १२० तास, १२० रुपये. पान फाडू का, असे तिने मला विचारले होते. मी म्हटले, राहू दे. ते सर्वांत महाग पान आहे.

तुम्हीही या आठवड्यात एक वही घ्या. पहिली वस्तू शिवायला बसाल तेव्हा घड्याळ पाहून वेळ टिपा. बाकीचे आपोआप जमेल.

पुढच्या अंकात मांडणीविषयी: टेबल, दोरी आणि काळ्या मातीच्या धुळीपासून पांढरा माल कसा जपावा.