डब्यावरून कॅनव्हासवर

डिसेंबर १९८३ मध्ये न्यूयॉर्कच्या सिडनी जॅनिस गॅलरीत ‘पोस्ट-ग्राफिटी’ हे समूह-प्रदर्शन भरले. भुयारी रेल्वेचे डबे रंगवून नाव कमावलेले क्रॅश आणि डेझ, त्यांच्यासोबत जाँ-मिशेल बास्किया आणि कीथ हॅरिंग, अशा तरुणांची कामे त्यात होती. प्रदर्शनाचे स्थळ विशेष बोलके होते. याच जॅनिस यांनी १९६२ मध्ये ‘न्यू रिअॅलिस्ट्स’ भरवून वॉरहॉल आणि लिक्टनस्टाइन यांच्या पॉप आर्टला प्रतिष्ठित भिंत मिळवून दिली, आणि रॉथको, मदरवेल, गस्टन, गॉटलिब या बुजुर्ग अमूर्त चित्रकारांनी निषेध म्हणून गॅलरी सोडली होती.

प्रदर्शनाच्या नावाने मात्र फार वेगळ्या वाटा एकत्र बांधल्या. डबा रंगवणे हे रात्रीच्या यार्डात, स्प्रेच्या डब्यांनी, पकडले जाण्याच्या धास्तीत होणारे काम. चित्र शहरभर फिरे आणि धुतले जाई. हॅरिंग स्थानकांतल्या रिकाम्या जाहिरात-फलकांच्या काळ्या कागदावर पांढऱ्या खडूने भराभर रेखाटत असे. बास्कियाने मित्रासह ‘सेमो’ या नावाने भिंतींवर वाक्ये लिहिली. त्याची ओळख डब्यांवरची नव्हती. कॅनव्हासवर येताना क्रॅश-डेझ यांच्या चित्रांतली गती आणि जोखीम गेली, हे खरे. पण रंग आणि रचनेवर निवांत विचार करण्याची सवड त्यांना प्रथमच मिळाली, आणि ही मिळकत लहान नाही. रंगवलेला शेवटचा डबा मे १९८९ मध्ये सेवेतून निघाला. क्रॅश आणि डेझ त्यानंतरही कॅनव्हासवर काम करत राहिले.