गमावलेला स्वर आणि वाढवलेला आवाज

विजेच्या गिटारीचा सूर मंद आणि मळकट ऐकू येऊ लागला, की आजकाल एकच औषध सर्वत्र सुचविले जाते : एक बूस्ट पेडल विकत घ्या आणि आवाज चढवा. हे औषध निदान न करता दिले जाते, ते बहुधा चुकीचे असते, आणि त्याची किंमत नवशिक्या वादकाला आधी पैशाने व मग प्रतिष्ठेने मोजावी लागते, असे आमचे स्पष्ट मत आहे. प्रस्तुत लेखात हे मत आम्ही पुराव्यानिशी मांडणार आहोत.

या नियतकालिकाच्या पानांवर असा विषय पाहून काही वाचकांच्या भुवया उंचावतील. परंतु गोमंतकात गिटार हे परके वाद्य राहिलेले नाही. जत्रेनिमित्त होणाऱ्या ऑर्केस्ट्रातही ती आता दिसते, आणि तिच्या तारा छेडणारी मुले आपल्याच घरांतील असतात. त्यांच्या हातात वजन नाही, बोटांत गोडवा नाही, असे जेव्हा त्यांना सांगितले जाते, तेव्हा दोष खरोखर बोटांचा आहे की वाद्यापासून ध्वनिवर्धकापर्यंतच्या वाटेचा, हे आधी तपासले पाहिजे. आम्ही कायद्याचे पदवीधर आहोत, विद्युत्-शास्त्राचे नव्हे. तथापि साक्षीदाराची साक्ष कोणत्या टप्प्यावर बिघडली हे शोधणे हा आमचा नित्याचा उद्योग आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. गिटारीच्या तारांखाली जो पिकअप बसविलेला असतो, तो म्हणजे लोहचुंबकाभोवती गुंडाळलेले बारीक तांब्याच्या तारेचे वेटोळे. तार कंप पावली की या वेटोळ्यात अत्यंत दुबळा विद्युत्-प्रवाह निर्माण होतो. त्याला बाहेरच्या विजेचा कसलाही आधार नसतो. हा प्रवाह केबलमधून ॲम्प्लिफायरकडे जातो. आणि केबल म्हणजे निव्वळ वाट नव्हे. तिच्या आतल्या तारेत आणि बाहेरच्या जाळीत वीज साठवून धरण्याचा गुण असतो. त्याला तंत्रज्ञ कपॅसिटन्स म्हणतात, आणि सर्वसाधारण केबलमध्ये तो दर मीटरला सुमारे १०० पिकोफॅरड इतका भरतो. हा साठा सर्वांत आधी वरच्या कंप्रता गिळतो. स्वरातली धार, तारेवरच्या नखाचा स्पर्श, शब्दोच्चारासारखी स्पष्टता ही सारी त्या वरच्या कंप्रतांतच वास करीत असते.

याचे गणित कोणालाही करून पाहता येईल. १९५४ साली आलेल्या फेंडर स्ट्रॅटोकास्टर या प्रसिद्ध गिटारीच्या धर्तीचा पिकअप सुमारे अडीच हेन्री इंडक्टन्सचा असतो. त्याला ५ मीटर केबल जोडली, तर त्याच्या स्वराचा झळाळता उंचवटा ४,००० ते ४,५०० हर्ट्झच्या दरम्यान पडतो. तीच केबल, मधली पेडले आणि त्यांना जोडणारे तुकडे धरून, १५ मीटर झाली, की तो उंचवटा २,५०० हर्ट्झच्या आसपास घसरतो. वादकाने गिटारीवरची व्हॉल्यूमची कळ जरा खाली आणली, तर अवस्था आणखी बिकट होते. २,५०,००० ओहमची कळ तिच्या विद्युत्-मध्यावर असता १५ मीटर केबलपुढे सुमारे १,७०० हर्ट्झपासूनच वरचा भाग ओसरू लागतो. हळू वाजवावे म्हटले तर सूर चिखलात रुततो, आणि म्हणून वादक कळ कधी खाली आणीतच नाही. त्याच्या हातातली अर्धी नजाकत अशी केबलनेच जप्त केलेली असते!

आता बूस्ट काय करतो ते पाहा. तो येणारा विद्युत्-दाब वाढवितो. सहा डेसिबल म्हणजे सुमारे दुप्पट, वीस डेसिबल म्हणजे दसपट. तो वाढवितो ते सर्व काही सारख्याच प्रमाणात : शिल्लक राहिलेला स्वर, त्यात मिसळलेली खरखर, विजेच्या दिव्यांची गुणगुण, सारे काही. केबलने जे खाल्ले ते त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. मग ते तो परत कोठून आणणार? मूळ दाव्यात नोंदला न गेलेला पुरावा अपिलात सामान्यतः विचारात घेतला जात नाही, मग वकिलाने कितीही घसा कोरडा करो. तंबोऱ्याची जवारी बिघडली असता तार अधिक जोराने छेडून जवारी परत येत नाही, हे आपल्या घरातले लहान मूलही जाणते. गिटारीच्या बाबतीत मात्र हेच साधे सत्य आपण विसरतो.

यावर प्रतिपक्षाचे म्हणणे असे, की बूस्ट लावताच स्वर खरोखर उजळ वाटतो. कानांनी दिलेली साक्ष खोटी कशी मानावी? साक्ष खोटी नाही, पण ती दिशाभूल करणारी आहे. फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकन संशोधकांनी १९३३ साली दाखवून दिले, की मानवी कान सर्व कंप्रता सारख्या ऐकत नाही, आणि आवाज मोठा झाला की खर्ज व टीप ही दोन्ही टोके तुलनेने अधिक भरीव ऐकू येतात. म्हणजे दुकानात बूस्टची कळ दाबताच जो उजाळा भासतो, तो पुष्कळदा केवळ मोठेपणाचा भास असतो. दोन्ही आवाज एका पातळीवर आणून तुलना करा. तो उजाळा बहुतांशी मावळेल.

खरा उपाय वेगळा आहे आणि तो दिसायला अगदी नम्र आहे. त्याचे नाव बफर. तो आवाज वाढवीत नाही. जितका दाब आत आला तितकाच तो बाहेर सोडतो. त्याचे कर्तृत्व संरोधात, म्हणजे तंत्रज्ञ ज्याला इम्पिडन्स म्हणतात त्यात आहे. पिकअपकडे तोंड करून तो दहा लाख ओहमच्या घरातला इम्पिडन्स दाखवितो, म्हणून दुबळ्या पिकअपवर त्याचा भार पडत नाही. आणि पुढच्या केबलकडे तो हजार ओहम किंवा त्याहून कमी इम्पिडन्सने बोलतो. वर सांगितलेले गणित आता पुन्हा करा : हजार ओहमच्या उगमापुढे तीच १५ मीटर केबल लावली, तर वरचा भाग ओसरण्याची सीमा १,००,००० हर्ट्झच्याही पलीकडे जाते. माणसाचा कान फार तर २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो. केबलचा उपद्रव संपला. आणि तोही एक डेसिबलदेखील आवाज न चढविता.

मात्र बफर लवकर, गिटारीपासून थोड्याच अंतरावर लावला पाहिजे. बेल प्रयोगशाळेतील हॅराल्ड फ्रीस यांनी १९४४ साली रेडिओच्या संदर्भात सिद्ध केले, की एकापुढे एक जोडलेल्या टप्प्यांत पहिल्या टप्प्याची खरखर सर्वांत अधिक बाधते, आणि त्यापूर्वी झालेली हानी पुढच्या टप्प्यांना भरून काढता येत नाही. गिटारीची साखळीही याच नियमाने बांधलेली आहे.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळू. हा शुद्धतावाद्यांचा पक्ष. बंद असताना पेडलने स्वराला स्पर्शच करू नये, आत येणारी तार सरळ बाहेरच्या तारेला जोडावी, या रचनेला ते ‘ट्रू बायपास’ म्हणतात आणि बफरला भेसळ मानतात. एका पेडलापुरता हा युक्तिवाद बिनतोड आहे. पण अशी आठ पेडले ओळीने मांडली आणि सारी बंद ठेवली, तर पिकअपच्या वाट्याला काय येते? दोन लांब केबली, त्यांमधले सर्व तुकडे आणि सोळा जोड. आणि हे सारे ओझे त्या दुबळ्या वेटोळ्याने एकट्याने वाहायचे! प्रत्येक दुवा सोवळा आणि साखळी मात्र ओवळी, असा हा प्रकार आहे. पिंक फ्लॉइडचे डेव्हिड गिलमोर यांच्यासाठी १९७० च्या दशकात पेडलबोर्ड बांधणारे इंग्लंडचे पीट कॉर्निश यांनी बफरचाच आश्रय केला होता. गिलमोर यांच्या स्वराला भेसळीचा म्हणण्याचे धाडस कोणी करील असे आम्हाला वाटत नाही.

न्यायबुद्धीने काही गोष्टी मान्य केल्या पाहिजेत. १९६६ साली लंडनमध्ये निघालेल्या फझ फेससारख्या पेडलाच्या आधी बफर लावू नये. त्या मंडलाचा आवक-इम्पिडन्स फार कमी असतो आणि पिकअपशी प्रत्यक्ष गाठ पडण्यातच त्याची खुमारी आहे. मध्ये बफर आला की स्वर कर्कश होतो. अशा पेडलाला पहिले स्थान द्यावे आणि बफर त्याच्यामागून लावावा. तसेच काहींना केबलने मऊ केलेला स्वरच प्रिय असतो. जिमी हेंड्रिक्स वापरीत असलेली वेटोळ्यांची केबल प्रसिद्ध आहे. जाणूनबुजून केलेली ती निवड आहे; तिला आमचा विरोध नाही. न कळत झालेल्या हानीला आमचा विरोध आहे.

बूस्टलाही आम्ही हद्दपार करू इच्छीत नाही. १९६० च्या दशकातील डॅलस रेंजमास्टरने, किंवा त्याच दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या इलेक्ट्रो-हार्मोनिक्सने काढलेल्या एल.पी.बी.-१ ने संगीताची सेवाच केली. काठोकाठ चढविलेल्या व्हॉल्व्ह-ॲम्प्लिफायरच्या आधी बूस्ट लावला, तर आवाज फारसा न वाढता स्वर फाटतो, दाट होतो आणि गाऊ लागतो. तोच स्वर फाडणाऱ्या पेडलांच्या मागून लावला, तर एकल वादनाच्या वेळी आवाज उचलला जातो. ही दोन त्याची कामे. काही बूस्ट बफरचेही काम करतात, हेही खरे. पण जुन्या धर्तीचे अनेक करीत नाहीत. म्हणून ‘बूस्ट आहे, मग बफर कशाला?’ हा प्रश्न त्या विशिष्ट पेडलाचा इम्पिडन्स पाहिल्याखेरीज विचारताच येत नाही.

आणि विकत घेण्यापूर्वी घरात पाहावे. जपानच्या बॉस कंपनीच्या १९७७ पासूनच्या छोट्या पेडलांत, काही अपवाद वगळता, बंद असतानाही चालू राहणारा बफर मुळातच असतो. ज्याच्याजवळ असे एक पेडल साखळीच्या आरंभी आहे, त्याने नवा बफर घेणे म्हणजे विहीर असताना पाणी विकत घेणे होय. एका जागी एक बफर पुरतो. फार तर लांब परतीच्या केबलसाठी शेवटी दुसरा.

निर्णयासाठी तज्ज्ञही नको. गिटार तीन मीटरच्या केबलने थेट ॲम्प्लिफायरला जोडावी आणि एखादी ओळ वाजवावी. मग सर्व पेडले मध्ये घालून, सारी बंद ठेवून, तीच ओळ तितक्याच आवाजात वाजवावी. व्हॉल्यूमची कळ अर्ध्यावर आणून पुन्हा ऐकावे. फरक पडला नाही, तर काहीच घेऊ नये. फरक पडला, तर तो वाटेचा दोष आहे, वादकाचा नव्हे. आणि त्यावर बफर हाच उपाय आहे.

घरातील वडीलधाऱ्यांना आमची विनंती एवढीच. मुलगा आणखी एक पेटी मागू लागला, तर पैसे देण्यापूर्वी ही परीक्षा त्याच्याकडून करवून घ्या. आणि त्याच्या बोटांना नावे ठेवणाऱ्यांनी तर ती सर्वांत आधी करावी. कारण चौकशीपूर्वीच शिक्षा सुनावण्याचा अधिकार कोणत्याही कायद्याने त्यांना दिलेला नाही.