आपण कुणाकडचे?

दिवाळी अंकातल्या सदरात काहीतरी हसरे असावे, असा संपादकांचा दरवर्षीचा आग्रह असतो. यंदा ते साधेल असे वाटत नाही. चकली खाता खाता हे पान उघडणाऱ्यांनी मला क्षमा करावी.

गेली दोन वर्षे माझी आई मला ओळखत नाही. विसर पडत गेला तोही उलट्या पावलांनी. आधी सकाळचे जेवण विसरली, मग नातवंडांची नावे, मग वडील गेल्याचे, आणि शेवटी लग्नच. रिबो नावाच्या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाने १८८१ साली स्मृतीच्या विकारांवर पुस्तक लिहिले, त्यात हाच क्रम सांगितला आहे: नवे आधी जाते, जुने मागे राहते. पुस्तकात ते वाक्य साधे दिसते. आमच्या घरात त्याचा अर्थ असा झाला, की आई सासरच्या नावाला ‘ओ’ देईनाशी झाली.

ताटात तांदूळ पसरून, त्यात अंगठीने नवे नाव लिहून सुनेला घरात घेण्याची रीत वाचकांना ठाऊक आहे. रमाबाई रानडे आणि आनंदीबाई जोशी या दोघीही माहेरच्या यमुना. त्या यमुनांचे पुढे काय झाले, हे कुणी विचारीत नाही. आमच्याकडची यमुना मात्र पन्नास-पंचावन्न वर्षांनी परत आली. माहेरच्या नावाने हाक मारली की आई चटकन वळून पाहते. (तिची दोन्ही नावे मी इथे देत नाही. आपले नाव छापून आलेले तिला मुळीच रुचले नसते.)

माझा मास्तरी स्वभाव इथे आडवा आला. रोज सकाळी तिच्यासमोर बसून मी विचारायचो, “सांग बघू, मी कोण?” तोंडी परीक्षेत उत्तर न येणाऱ्या मुलीसारखी ती माझ्याकडे पाही आणि पदराचे टोक बोटाला गुंडाळत राही. “अहो, पुरे करा आता,” असे पत्नीने अनेकदा सांगितले. मी ऐकले नाही. आईला मी आठवलो नाही तर आई आहे कुठे, अशी भीती मला वाटत होती, आणि ती मी तिच्यावरच काढीत होतो.

ही भीती जुनी आहे. जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञाने आपल्या ग्रंथाच्या १६९४ च्या आवृत्तीत मांडले, की ज्या ज्या गोष्टींचे भान माणूस मागे नेऊ शकतो, तिथवर तो तोच माणूस. थोडक्यात, आठवण आहे तिथवर ‘मी’ आहे. १७८५ साली थॉमस रीड या स्कॉटिश पंडिताने त्याला मोठी खाशी अडचण घातली. एका मुलाने बागेतली फळे चोरली म्हणून छड्या खाल्ल्या. तो पुढे शूर शिपाई झाला, शत्रूचे निशाण हिसकावून आणले, आणि म्हातारपणी सेनापती झाला. शिपायाला छड्या आठवतात. सेनापतीला निशाण आठवते, पण छड्या आठवत नाहीत. मग सेनापती हा तोच मुलगा की नव्हे? वर्गात हे सांगताना मजा येते. आमच्या घरात तर सेनापतीला छड्याच तेवढ्या आठवत होत्या, आणि निशाण म्हणजे मी, ते गहाळ झाले होते.

विल्यम जेम्सने १८९० साली लिहिले, की माणसाला ओळखणारे जितके, तितके त्याचे सामाजिक ‘मी’ असतात. याने मला थोडा धीर आला. पण खरे थांबायला लावले ते अलीकडच्या एका अभ्यासाने. स्ट्रोमिंगर आणि निकल्स या दोघांनी २०१५ साली मेंदूच्या विकारांनी आजारी असलेल्यांच्या घरच्यांनाच विचारले: तुमचे माणूस तेच राहिले आहे का? नुसती स्मृती गेली म्हणून ‘हे आमचे माणूसच नव्हे’ असे घरच्यांना फारसे वाटत नव्हते. माया, प्रामाणिकपणा, भलेपणा बदलला की मात्र वाटत होते. मी पुस्तक मिटले आणि आठवू लागलो. दारात आलेल्या पोस्टमनलासुद्धा आई अजून विचारते, “जेवलास का रे?”

कोजागिरीनंतर गर्दी ओसरल्यावर आम्ही तिला माहूरला नेले. तिच्या माहेरची आणि सासरची, दोन्ही घरांची कुलदेवता रेणुकाच. किनवटवरून गेलो. पायऱ्या दोघा भावांनी धरून धरून चढवल्या. माहूरच्या देवीचे फक्त मुख आहे, शेंदूरचर्चित, भले थोरले. त्याची कथा तिकडे पोराठोरांना ठाऊक आहे. परशुरामाने कावडीत एका बाजूला जमदग्नीचा देह आणि दुसऱ्या बाजूला आईला घेऊन माहूर गाठले. दत्तात्रेयांनी पित्याचे अंत्यसंस्कार करवले, रेणुका सती गेली. परशुराम शोक करू लागला तेव्हा आकाशवाणी झाली, की आई जमिनीतून वर येईल, पण मागे वळून पाहू नकोस. त्याला धीर निघाला नाही. वळला, तोवर मुखच काय ते वर आले होते.

हजारदा ऐकलेली कथा. त्या दिवशी गाभाऱ्यासमोर उभा असताना मला परशुरामाची घाई तेवढी दिसली. रोज सकाळची माझी घाई याहून वेगळी नव्हती.

माहूरचा प्रसाद म्हणजे तांबूल, खलबत्त्यात कुटलेला विडा. बाहेर कठड्याशी बसवून तिच्या हातावर ठेवला. तिने त्याचे दोन भाग केले. मोठा माझ्यापुढे धरला.

“घ्या ना. संकोच नको.” मग जरा निरखून म्हणाली, “आपण कुणाकडचे?”

नाव सांगायचे अगदी ओठांवर आले होते. म्हणालो, “आमची कुलदेवता इथलीच. माहूरची रेणुका.”

“अगंबाई!” आईचा चेहरा उजळला. “मग आमच्यातलेच की. बसा, बसा असे जवळ.”