वालचंदांचा कारखाना, अमेरिकनांचा डेपो आणि आपलं ओझर

पोस्ट मोठी आहे, पण ओझर-निफाड-पिंपळगावकरांनी तरी वाचावी.

विमान पडलं की बातमी होते. नवीन विमान उडालं की नेत्यांचे फोटो निघतात. पण बिघडलेलं विमान दुरुस्त होऊन पुन्हा उडालं, तर दोन ओळीही छापून येत नाहीत. आम्ही पत्रकारही त्यात आलोच. निम्म्या मित्रांचे वडील ओझर मिगला ड्यूटीला असायचे, त्या भागात वाढल्यामुळे मला हे जरा जास्तच टोचतं.

हे आठवायचं कारण म्हणजे एका व्हॉट्सॲप ग्रुपवर झालेला वाद. एकाने लिहिलं, "वालचंदांनी देशाला विमान कारखाना दिला, इंग्रजांनी त्याचं गॅरेज करून टाकलं." खाली टाळ्यांची रांग. वाक्य निम्मं खरं आहे. उरलेल्या निम्म्याबद्दल माझं भांडण आहे.

आधी खरा भाग. वालचंद हिराचंद सोलापूरचे. जहाजं, साखर, बांधकाम सगळं करून झालं होतं. १९३९ मध्ये विमानप्रवासात त्यांची गाठ विल्यम पॉली या अमेरिकन माणसाशी पडली. चीनमध्ये विमानं जोडायचा कारखाना चालवणारा हा गडी. तिथून चक्र फिरलं. म्हैसूर संस्थानाने जमीन दिली, भांडवलात वाटा घेतला. दिवाण मिर्झा इस्माईल पाठीशी उभे राहिले आणि २३ डिसेंबर १९४० ला बंगळुरूत हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी नोंदवली गेली. ऑगस्ट १९४१ मध्ये तिथे जोडलेलं पहिलं हार्लो ट्रेनर विमान उडालंसुद्धा! आज आपल्याकडे एखाद्या एमआयडीसीत शेड उभी राहायला किती वेळ लागतो, ते आठवा.

मग जपान युद्धात उतरला. १९४२ च्या सुरुवातीला सिंगापूर गेलं, रंगून गेलं, एप्रिलमध्ये विशाखापट्टणमवर बॉम्ब पडले. त्याच एप्रिलमध्ये हिंदुस्थान सरकारने वालचंद आणि त्यांच्या भागीदारांचे शेअर विकत घेतले. पैसे मिळाले, पण कारखाना हातचा गेला. पुढे १९४३ मध्ये कारभार अमेरिकन हवाई दलाकडे गेला आणि नवीन विमानं बांधायचं काम मागे पडलं. हा झाला ८४ वा एअर डेपो. इथपर्यंत ग्रुपवाल्यांचा राग मला मान्य आहे. परक्या सरकारला इथे विमान उद्योग उभा राहण्यात रस नव्हता, आपलं युद्ध निभावण्यात होता.

पण पुढे "नुसतं गॅरेज" म्हणणाऱ्यांनी त्या डेपोत काय चालायचं ते बघावं. ब्रह्मदेशचा रस्ता बंद झाला होता. चीनला रसद जायची ती आसाममधून, हिमालयाच्या डोंगररांगांवरून, विमानाने. इंजिनं भराभर झिजायची. दुरुस्तीला अमेरिकेत पाठवायची तर बोटीने महिने जाणार. म्हणून सगळा भार बंगळुरूवर. वाहतुकीची डकोटा, मिचेल बॉम्बर, पाण्यावर उतरणारी कॅटॅलिना. ही कॅटॅलिना उतरायची बेळंदूर तलावात. हो, तोच तलाव, जो आता फेसामुळे आणि आगीमुळे बातम्यांत असतो.

ओव्हरहॉल म्हणजे स्क्रू आवळणं नव्हे. इंजिन पूर्ण सुटं करायचं, प्रत्येक भाग धुवायचा, मापायचा, बारीक तडा गेलाय का बघायचं, मापात नसेल तो बाजूला टाकायचा, बाकी पुन्हा जोडून टेस्ट बेडवर तासन् तास चालवायचं. आणि केलेल्या प्रत्येक कामाची लेखी नोंद, करणाऱ्याच्या सहीसकट. "चालतंय की" म्हणायची सोयच नाही. हजारो हिंदी कामगार या शिस्तीतून तयार झाले.

त्याचा उपयोग लगेच दिसला. युद्ध संपल्यावर कानपूरच्या चकेरी तळावर लिबरेटर बॉम्बर भंगारात पडले होते. पुन्हा वापरता येऊ नयेत म्हणून त्यांची मोडतोड केलेली. हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या माणसांनी त्यातली उडवता येतील इतकी जुजबी दुरुस्त केली आणि बंगळुरूला नेऊन पूर्ण नीट केली. अशी ४२ विमानं. स्वतंत्र भारताचं पहिलं जड बॉम्बर दल यातून उभं राहिलं आणि ती विमानं १९६८ पर्यंत सेवेत होती. हे गॅरेज असेल तर मला असं गॅरेज प्रत्येक तालुक्यात हवंय.

त्याच कारखान्यात आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातले डॉ. विष्णू माधव घाटगे होते, जर्मनीत प्रांटल यांच्या हाताखाली शिकून आलेले. त्यांचं एचटी-२ ट्रेनर १९५१ मध्ये उडालं. दुरुस्तीची सवय असलेला कारखाना नसता, तर ते ड्रॉइंग जोडलं कुणी असतं?

आता ओझर. यशवंतराव संरक्षणमंत्री असताना, नाशिकचे खासदार असताना, हा कारखाना इथे आला. मिग-२१ पासून सुखोईपर्यंत इथे विमानं बनली आणि ओव्हरहॉलही झाली. शेजारी हवाई दलाचा दुरुस्ती डेपो आहेच. साठ वर्षांचं कसब आहे हे, आणि ते माणसांच्या हातात आहे. पहिल्या तुकडीतले लोक आज ऐंशीच्या पुढे आहेत. दर महिन्याला एखाद्या दशक्रियेला जातो तेव्हा कळतं, आणखी एक वही बंद झाली.

बंगळुरूच्या त्या युद्धकाळातल्या डेपोचे अमेरिकन अधिकारी, विमानांचे नंबर, तारखा सापडतात. तिथल्या हिंदी फिटरने दिवस कसा काढला, हे शोधायला गेलं तर हाताला फार थोडं लागतं. ओझरचं तसं होऊ नये. तालुक्यातल्या एखाद्या कॉलेजने, वाचनालयाने हे काम अंगावर घ्यावं. मोबाईलवरचं रेकॉर्डिंगसुद्धा चालेल. गोपनीय काही विचारायचं नाही, कामाचा पहिला दिवस, पहिला पगार, पहिली चूक कुणी कशी पकडली, एवढंच.

तुमच्या घरात, गल्लीत असे काका, आजोबा असतील तर मेसेज करा. दर रविवारी सकाळी मी मोकळा आहे, माईक माझा, चहा तुमचा.