वचन एकेकीनंच द्यायचं असतं

गेल्या महिन्यात भाचीच्या शाळेत गाईडचा दीक्षाविधी होता. शाळा आमच्या वैभववाडी तालुक्यातलीच, नाव सांगत नाही. पाहुणे दीड तास उशिरा आले. तोवर चाळीस मुली उन्हात उभ्या. मग औक्षण, शाल-श्रीफळ, तीन भाषणं. शेवटी माईकवरून वचन सांगितलं गेलं, मुलींनी मागून एका सुरात म्हटलं. मधे माईक बंद पडला, पण सूर काही थांबला नाही. पाहुण्यांनी पुढच्या चार मुलींना स्कार्फ घातले, फोटो झाले. बाकीच्यांना स्कार्फ वर्गात वाटले.

घरी आल्यावर आईनं विचारलं, "काय गे, बिल्लो गावलो मां तुका?" भाचीनं बिल्ला दाखवला आणि हळूच मला म्हणाली, "मावशी, मला मधलं काही ऐकूच आलं नाही. मग मी वचन दिलं की नाही?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून हे लिहिते आहे.

आमच्या वेळी (झाली त्याला बरीच वर्षं!) दीक्षा शाळा सुटल्यावर असायची. मुली नालाच्या आकारात उभ्या. संघनायिका एकेकीला पुढे न्यायची. माझी पाळी आली तेव्हा पत्र्यावर पाऊस इतका वाजत होता, की बाईंनी कान माझ्या तोंडाजवळ आणला. तीन बोटांचा सॅल्यूट करून मी वचन म्हटलं, दोनदा अडखळले. बाई थांबल्या. मग बिल्ला लावला आणि डावा हात मिळवला. पाहुणा नाही, फोटो नाही. पण मी वचन दिलं होतं, यात मला आजही शंका नाही.

तर मुद्दा असा, की हा विधी बघणाऱ्यांसाठी नाहीच. प्रवेशाआधी मुलीनं रोज एक सत्कृत्य करायचं असतं, नियम समजून घ्यायचे असतात. मग प्रथम, द्वितीय, तृतीय सोपान, राज्य पुरस्कार, राष्ट्रपती पुरस्कार. ही शिडी आहे, आणि शिडी एकेकीनंच चढायची असते. चाळीस जणींना एकदम वर उचलून ठेवलं तर त्याला चढणं म्हणत नाहीत. पण हल्ली पालकांचा पहिला प्रश्न असतो, "दहावीला गुण किती मिळतात?" गुणांना माझा विरोध नाही. पण मग रीफ नॉट न येणारीच्या हातीही प्रमाणपत्र येतं, त्याचं काय करायचं?

१९०९ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये स्काऊटांचा मेळावा भरला, तेव्हा काही मुली न बोलावता तिथे गेल्या आणि आम्हालाही घ्या म्हणाल्या. पुढच्या वर्षी गाईड चळवळ सुरू झाली. म्हणजे याची सुरुवातच मुलींनी स्वतःहून पुढे येण्यानं झाली. आणि आज आपण त्यांना पाहुण्यांच्या मागची रांग करून ठेवलंय!

कुणी म्हणेल, बाईंवर अहवालाचा आणि फोटोंचा ताण असतो. मान्य. चाळीस जणींना वेळ कुठून आणायचा? हिशेब करा. एका संघात सहा-आठ मुली. रोज एक संघ घेतला तर आठवड्याभरात सगळ्या होतात, एकीला दोन मिनिटं लागतात. पाहुणे हवेतच ना? बोलवा, २२ फेब्रुवारीला, चिंतन दिनाला. त्या दिवशी मुलींनी तंबू उभारून दाखवावा, पाहुण्यांनी बघावा. स्कार्फ मात्र बाईंनीच घालावा, कारण त्या मुलीनं महिनाभर काय केलं ते फक्त त्यांनाच ठाऊक असतं.

ताई हे वाचून म्हणणार, "तुला प्रत्येक गोष्टीत खोट दिसते." दिसू दे.

त्या रात्री मी भाचीला पडवीत उभं केलं आणि वचन म्हणायला सांगितलं. तिसऱ्या ओळीला अडखळली. मी थांबले. तिनं पुन्हा सुरुवातीपासून म्हटलं, सावकाश, एकटीनं. मी काही गाईड कॅप्टन नाही, त्यामुळे नियमात हे बसत नाही. पण झोपताना म्हणाली, "आता दिलं."