उज्जैनचे सोयाबीन आणि पोटातील किमयागार

उज्जैन म्हटले की महाकालेश्वर, क्षिप्रेचे घाट आणि कालिदासाचे ‘मेघदूत’ डोळ्यांपुढे उभे राहते. प्राचीन ज्योतिर्विदांनी आपले मूळ रेखावृत्त याच नगरीतून कल्पिले होते. आज तिच्या सभोवारच्या काळ्या जमिनीची ओळख आहे ती सोयाबीनची. पूर्वी पावसाळ्यात पडीक राहणारी माळव्यातील पुष्कळ शेते गेल्या पाचसहा दशकांत या पिकाखाली आली. त्याचे तेल माणसाच्या वाट्याला येते. प्रथिनयुक्त पेंड मात्र बव्हंशी पशुखाद्यात व परदेशी जाते. आता आरोग्याच्या नावाने सोयाबीनचे पीठ व गोळ्याही बाजारात आल्या आहेत. त्यांच्या गुणवर्णनास भुलण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानी घ्यावी.

सोयाबीनमध्ये ‘डेडझीन’ नावाचे द्रव्य साखरेशी बांधलेल्या रूपात असते. आतड्यात ही गाठ सुटते आणि तेथील काही विशिष्ट जीवाणू त्याचे ‘इक्वॉल’ या निराळ्या द्रव्यात रूपांतर करतात. इस्ट्रोजेन या संप्रेरकासारखे, परंतु सौम्य कार्य करणारे हे द्रव्य १९३२ साली गाभण घोडीच्या मूत्रात सापडले. मानवी मूत्रात त्याची ओळख पटण्यास १९८२ साल उजाडले. जंतुरहित वातावरणात वाढविलेल्या उंदरांत ते तयारच होत नाही. म्हणजे ही किमया आपल्या शरीराची नव्हे, त्यातील अदृश्य बिऱ्हाडकरूंची!

हे बिऱ्हाडकरू सर्वांपाशी नसतात. जपानात सुमारे निम्म्या, तर पाश्चात्त्य देशांत जेमतेम तिसऱ्या हिश्श्याच्या लोकांतच इक्वॉल तयार होते. एकाच पंक्तीत, एकच पदार्थ जेवून उठलेल्या दोघांच्या शरीरास निरनिराळी द्रव्ये मिळतात. असे असता ‘हे खा आणि व्याधिमुक्त व्हा’ अशी सरसकट ग्वाही देणे ही ग्राहकाची दिशाभूल होय, असे आमचे स्पष्ट मत आहे. ऊठसूट प्रतिजैविके घेऊन या उपकारक जीवाणूंचा संहार करणेही तितकेच अविचाराचे आहे.

इंदूरची राष्ट्रीय संस्था सोयाबीनच्या पिकावर संशोधन करते. ते खाणाऱ्या भारतीयांच्या आतड्यांचाही तितक्याच आस्थेने अभ्यास व्हावयास हवा. क्षिप्रेकाठच्या ताटास जे लागू, तेच मांडवीकाठच्या ताटासही. ज्यांच्या पूर्वजांनी आपल्या रेखावृत्तावरून काळ मोजला, त्यांनी आपले ताट परक्यांच्या मापाने का मोजावे?